दुखवट्याचं पार्सल

१

धुळ्याला देवपुरात द्रौपदाबाईंच्या दारी मांडव पडला होता. नवरदेवाला हळद लागायची होती, सवाष्णी ओळीनं पाटावर बसल्या होत्या, आणि तेवढ्यात जळगावहून आलेल्या गाडीतून एक खोकं उतरलं. खोक्यावर होणाऱ्या सुनेचं नाव होतं, ज्योत्स्ना महाजन. द्रौपदाबाईंना कोण कौतुक! त्यांनी ते खोकं मांडवातच, सगळ्यांच्या देखत उघडायला लावलं.

आतून निघाली पांढरी टोपी, पांढरा टॉवेल, फिक्या रंगाचं नऊवारी लुगडं. हळदी-कुंकवाचा एक ठिपका कशावर नाही. ज्या घरात मयत झालंय त्या घरी दहाव्याला सोयरे नेतात, ते दुखवट्याचे कपडे.

सवाष्णी पाटांवरून उठल्या. आतल्या खोलीत द्रौपदाबाईंचे मालक मोतीनाना पडून होते. काळजाच्या दुखण्यातून ते नुकतेच उठले होते, डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. जिवंत माणसाच्या दारी त्याच्या मरणाचे कपडे आले होते, आणि तेही व्याह्यांकडून.

हळद तशीच वाटीत राहिली. लग्न थांबलं.

२

"मी नाही पाठवलं, मॅडम," ज्योत्स्ना म्हणाली आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागली.

जळगावात जिल्हा कोर्टाजवळ ॲडव्होकेट सुनंदाबाई तायडेंचं ऑफिस होतं. ऑफिस कसलं, एक खोली आणि पुढे व्हरांडा. सुनंदाबाईंना रडणाऱ्या पक्षकारांची सवय होती. त्या गप्प राहून वाट बघायच्या. पण ही पोर दोन वर्षांमागे त्यांच्याकडे टायपिंगला यायची, घरच्यासारखी होती. त्यांनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नीट सांग. पार्सल कुठून गेलं?"

"पाठवणी डॉट कॉम वरून. देवचंदशेठचं दुकान आहे ना कापडाचं, त्यांनीच काढलंय ते. संगणकावरून मागवायचं, त्यांची गाडी धुळे, अमळनेर, जामनेरला माल पोचवते. हिशेब महिनाअखेर. सासूबाईंना मागे साडी पाठवली होती मी. परवा संध्याकाळी सासऱ्यांसाठी शाल पाठवली, फारुखभाईंच्या सायबर कॅफेतून. शाल पोचली. आणि तिच्यामागून हे."

"तुझ्याच नावानं?"

"माझ्याच. नाव आणि परवलीचा शब्द घातल्याशिवाय काही मागवता येत नाही. आणि तो शब्द मी कुणाला सांगितला नाही. आत्यालाही नाही."

"मलाही सांगू नकोस. आत्याचं काय?"

 आत्या म्हणजे पार्वताबाई. ज्योत्स्ना लहान असताना तिची आई गेली, आणि त्याच सुमारास नवरा वारलेल्या पार्वताबाईंना दिरांनी एदलाबादच्या घरातून बाहेर काढलं. भावाकडे आल्या त्या कायमच्या. पोरीला त्यांनीच वाढवलं. साखरपुड्याला पाहुणे आले तेव्हा मात्र त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. विधवेनं समोर येऊ नये, असं कुणी म्हणायच्या आत त्या स्वतःच दाराआड झाल्या होत्या.

"धुळेकरांनी अट घातलीय," ज्योत्स्ना म्हणाली. "हे आत्यानंच जळफळाटानं केलं, म्हणे. तिला घरातून काढा, तर लग्न. बाबा तिला एदलाबादला पोचवणार आहेत. त्या दिरांच्या दारात, मॅडम! ते तिला ओसरीवर तरी उभं करतील का?"

सुनंदाबाईंनी पदर खोचला. कोर्टाला सुटी होती, आणि नसती तरी त्या निघाल्याच असत्या.

३

आधार महाजन एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. घरातही ते तसेच बोलायचे, समोरची गाडी सुटायची वेळ झाल्यासारखे.

"वकीलबाई, तुम्ही यात पडू नका. घरचा मामला आहे."

"घरचा मामला मांडवात उघडा पडलाय, आधारभाऊ. तुमचा खरंच बहिणीवर संशय आहे?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "संशय म्हणजे... धुळ्याचे लोक म्हणतात. मुलगी मोठी की बहीण मोठी, मला काहीतरी ठरवायला हवं की नको?"

पार्वताबाई मागच्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. उद्या घर सोडायचं असलेली बाई आज त्या घराचे तांदूळ निवडते, हे बघून सुनंदाबाईंना गलबलून आलं.

"पार्वताबाई, कॅफेत कधी गेला होतात?"

"पोरसंगे एकडाव गयथू," पार्वताबाई म्हणाल्या. "त्या मशीनले हात बी लाया नही. माले ती अक्षरं येतस कुठे? पन कोन आयकस, बाई. राग व्हता का माले? व्हता. समोर जावाले मियनं नही, त्याना राग व्हता. पन मन्ही पोरना संसारवर मी कसाले निखारा ठेवू?"

राग होता, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. खोटं बोलणारा माणूस आधी राग लपवतो, असा सुनंदाबाईंचा अनुभव होता. पण अनुभव पुरावा नव्हे, हेही त्यांना ठाऊक होतं. बाईंना अक्षरं येत नसतील, पण दुसऱ्या कुणाकडून काम करवून घेता येतंच.

त्या तडक धुळ्याच्या बसमध्ये बसल्या.

४

द्रौपदाबाईंनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं.

"मना घरवाला जित्ता शे, आन दुखवटाना कपडा दारमा येतस! बठ्ठा पाहुणास्नी पाह्यं. आते काय इचारतीस?"

"काही विचारत नाही. फक्त ते खोकं दाखवा."

खोकं घरात ठेवायला कुणी तयार नव्हतं. ते गोठ्यात एका कोपऱ्यात पडलं होतं. द्रौपदाबाई लांब उभ्या राहिल्या, त्यांचा मुलगाही हात लावीना. सुनंदाबाईंनी खाली बसून एकेक कपडा बाहेर काढला. टोपी. टॉवेल. लुगडं चांगल्या पोताचं, अंगाला मऊ. आग लावायला निघालेला माणूस इतकं चांगलं कापड कशाला निवडेल, असं त्यांच्या मनात आलं. तळाशी कागदाच्या घडीत आणखी काहीतरी होतं.

"हे पाहिलंत का तुम्ही?"

"लुगडं पाह्यं नि झाकी दिधं. आखो काय पाहतु?"

कागदात लहान मुलाचा सदरा होता. पांढरा, सुती, पाच-सहा वर्षांच्या पोराला बसेल असा. सोबत चड्डी. आणि एक छोटी टोपी, मोठीसारखीच.

"तुमच्या घरात लहान मूल आहे?"

"कोनीच नही. हाऊ एकुलता एक."

सुनंदाबाई तो सदरा मांडीवर धरून बसून राहिल्या. मोतीनानांचं मरण चिंतणाऱ्यानं हा सदरा घातला नव्हता. ज्यानं घातला, त्याच्या डोळ्यांसमोर एक पोरका झालेला लहान मुलगा होता. बापाला अग्नी देऊन डोक्यावरचे केस उतरवलेला.

म्हणजे कुठेतरी एका घरात खरंच कुणी मेलं होतं. आणि त्या घरी हे खोकं पोचलंच नव्हतं.

५

"आमचं कुलूप पक्कं आहे, मॅडम!" देवचंदशेठ गादीवरून म्हणाले. "पुण्याच्या इंजिनिअरनं बनवलंय. नाव आणि शब्द, दोन्ही जुळल्याशिवाय ब्रह्मदेवालाही आत जाता येणार नाही. ती ऑर्डर शाल मागवली त्याच संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर आली, फारुखच्या कॅफेतून. मुलीनंच केली असणार, नाहीतर तिनं कुणाला शब्द दिला असणार."

"गिऱ्हाईकं शब्द विसरत नाहीत?"

"सुरुवातीला रोज विसरायची! फोनवर फोन. मग मीच डोकं चालवलं. पानावर एक ओळ घातली आणि फोन बंद झाले. इंजिनिअरला जमलं नाही ते मला जमलं."

ओळ कोणती, हे सांगायच्या आत लग्नाचा बस्ता बांधायला माणसं आली आणि शेठ तिकडे वळले. सुनंदाबाईंनी ठरवलं, की ओळ स्वतःच बघायची.

नवी पेठेतल्या एका जिन्याखाली फारुखचं कॅफे होतं. एका टेबलावर संगणक, एका खुर्चीवर तो, आणि कधी लागेल कधी नाही असा टेलिफोन. फारुखच्या तोंडचं पाणी पळालं होतं. धुळेकरांचा कुणी पाहुणा येऊन त्याला पोलिसांचं भय घालून गेला होता.

"मॅडम, अल्ला की कसम, मी काही केलं नाही. कोण काय मागवतं तेही मी बघत नाही. गिऱ्हाईकांची नावं पण कुणाला सांगत नाही."

"नावं नको. मला फक्त एक खातं उघडून दे."

फारुखनं उघडून दिलं. सुनंदाबाईंनी नाव घातलं, शब्द म्हणून आपल्या मुलीचं नाव घातलं, आणि बाहेर पडल्या. कोपऱ्यावरच्या गाडीवर चहा घेऊन परत आल्या, तर मधल्या वेळात दुसरा कुणी बसून उठला होता. पान तेच होतं. नावाची चौकट भरलेली होती, इंग्रजी अक्षरांत. खालची रिकामी होती. त्यांनी आपला शब्द ठोकला.

संगणकानं नकार दिला. परत ठोकला. परत नकार.

"मॅडम, वरचं नाव बघा ना," फारुख म्हणाला. "ते आधीच्याचं आहे. हे यंत्र नाव लक्षात ठेवतं, तशी खूण आपोआप पडलेली असते. पुसून आपलं घालावं लागतं."

"सगळे पुसतात?"

"कुठले पुसतात! भरलेलं दिसलं की लोकांना वाटतं, झालं काम. मग माझ्या नावानं ओरडतात, उघडत नाही म्हणून. मीच पुसून देतो."

"पण नाही पुसलं, तर ते दुसऱ्याच्या खात्यात थोडेच जातील? शब्द वेगळा असणार."

"तेच ना. शब्द वेगळा असतो."

सुनंदाबाई पडद्याकडे वाकल्या. रिकाम्या चौकटीच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, शेठनी डोकं चालवून घातलेली. 'परवलीचा शब्द विसरू नये म्हणून आपल्या कुलदैवताचे नाव टाकावे.'

त्यांच्या घरात कुलदैवत नव्हतं. वडिलांनी देव सोडून बुद्धाची वाट धरली तेव्हा त्या पाळण्यात होत्या. म्हणून ती ओळ त्यांच्या नजरेतून सुटली होती, आणि म्हणूनच यंत्रानं त्यांना बाहेर ठेवलं होतं.

"फारुख," त्यांनी हळूच विचारलं, "श्रावणात या गल्लीत कुणाकुणाकडे देवी बसते?"

"कुणाकुणाकडे काय, बहुतेक सगळ्यांकडेच. रोटांचा प्रसाद मलासुद्धा येतो. सगळ्यांची कुलदेवी कानबाईच ना?" तो बोलता बोलता थांबला आणि त्यानं पडद्याकडे पाहिलं. "या खुदा."

६

"आता नाव सांग," सुनंदाबाई म्हणाल्या. "ज्योत्स्ना उठल्यावर त्या संध्याकाळी इथं कोण बसलं?"

"मॅडम, कितीतरी लोक येतात. मला आठवत नाही."

"ज्याला लहान मुलाचा सदरा हवा होता, तो."

फारुखनं कपाळाला हात लावला. "कौतिकभाऊ! वरच्या खोलीत राहतात. पाय मोडलाय त्यांचा, प्लास्टरमध्ये आहे. त्यांनी मला विचारलं होतं, पहिलीतल्या पोराला कुठलं माप बसेल म्हणून."

कौतिक पाइपच्या कारखान्यात फिटर होता. खाटेवर पाय लांब करून बसला होता, शेजारी कुबड्या. अमळनेरला दिलेली त्याची बहीण मंदाबाई. तिचा नवरा अचानक गेला, आणि मातीहून परत येताना बसमधून उतरताना कौतिकचा पाय मोडला. दहाव्याला जाता येईना.

"पण माहेरचं लुगडं चुकवलं नाही मी," तो म्हणाला. "खाली उतरलो एका पायावर. दुकान बंद झालं होतं, तरी यंत्रावरून पाठवता येतं ना. भाच्यालाही पाठवलं."

"नाव कोणतं घातलंत?"

"नाव वर होतंच. मी नुसता शब्द घातला. देवीचा. दार उघडलं. 'नेहमीच्या पत्त्यावर पाठवा' असं आलं. माझा नेहमीचा पत्ता तोच, मंदाचा. दिवाळीला तिथंच पाठवलं होतं."

"त्यानंतर मंदाबाईंचा काही निरोप?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही. शेजारी फोन केला तर आलीच नाही फोनवर. म्हटलं, दुःखात असेल."

सुनंदाबाईंनी सांगितलं. किती बेतानं सांगायचं म्हटलं तरी असं काही बेतानं सांगता येत नाही. ऐकताना तो कुबडीची मूठ घट्ट धरून बसला होता.

"म्हणजे दहाव्याला," कौतिक म्हणाला, "सगळ्यांची लुगडी आली आणि तिच्या भावाचंच आलं नाही?" आणि तो मोठा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिन्याखाली उभं राहायला जागा नव्हती. द्रौपदाबाई आणि त्यांचा मुलगा धुळ्याहून आले होते, यायला अजिबात राजी नसताना. आधार महाजन, ज्योत्स्ना, पार्वताबाई होत्या. देवचंदशेठ रुमालानं मान पुसत होते. कौतिक कुबड्यांवर दाराशी.

"द्रौपदाबाई, इथं बसा," सुनंदाबाईंनी खुर्ची ओढली. "समोर ज्योत्स्नाचं खातं आहे. नाव भरलेलं आहे. शब्द तिनं कुणाला सांगितलेला नाही. तुम्ही उघडून दाखवा."

"माले काय म्हाईत तिना शब्द?"

"तिचा नको. तुमचा सांगा. कुलदैवताचं नाव घाला असं इथं लिहिलंय. तुम्ही काय घातलं असतं?"

"कानबाई. दुसरं काय घालसू?"

फारुखनं एकेक अक्षर दाबलं. टेलिफोनच्या तारेवर थोडा वेळ खरखर झाली. मग पडदा बदलला. 'स्वागत आहे', आणि खाली, 'नेहमीच्या पत्त्यावर पाठवा'. कुणाचं स्वागत, कुणाचा पत्ता, काही नाही.

"तुम्ही आता ज्योत्स्नाच्या घरात शिरला आहात," सुनंदाबाई म्हणाल्या. "बटण दाबलंत तर वस्तू तुमच्याच दारी जाईल, तिच्या नावानं. तुम्ही चोर आहात का?"

द्रौपदाबाईंनी कीबोर्ड तापलेला असावा तसा हात मागे घेतला.

"कौतिकभाऊंनी हेच केलं. ज्योत्स्नाचा शब्द कानबाई, त्यांचाही कानबाई. ज्योत्स्ना नुकतीच उठून गेली होती, तिचं नाव चौकटीत राहिलं होतं. त्यांच्या जागी माझ्यासारखी कुणी असती तर बाहेरच राहिली असती. शेठ, तुमचं कुलूप पक्कं होतं. पण तुम्हीच साऱ्या खानदेशाला एक किल्ली वाटलीत."

शेठ मान खाली घालून रुमालाची घडी करायला लागले. त्यांची चूक वाईट हेतूची नव्हती, लोकांना सोपं जावं म्हणून केलेली होती. पण दोन घरं पोळली होती.

द्रौपदाबाई उठून कौतिककडे गेल्या. "भाऊ, ते खोकं मी गोठामा टाकं व्हतं," त्या म्हणाल्या. "सोताना हातवरी धुईसन, घडी घालीसन देसू. चुकनू मी." मग त्या पार्वताबाईंकडे वळल्या आणि सरळ त्यांचे हात धरले. "अक्का, तुमीन हयदले या. पहिली हयद तुमनाच हातनी."

सगळ्यांचे डोळे पाणावले. सुनंदाबाईंनी तिथंच थांबायला हवं होतं. पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती, आणि वकिलाचं तोंड सवयीनं उघडतं.

"द्रौपदाबाई, साखरपुड्याला पार्वताबाई तर तुमच्यासमोर आल्याच नव्हत्या. मग त्यांच्यावर संशय कसा घेतलात?"

"आमीन कठे लिधा? घरमा आत्या शे, हाईच आमले म्हाईत नव्हतं. आमना राग पोरवर व्हता." द्रौपदाबाईंनी आधार महाजनांकडे बोट केलं. " याहीसनीच फोन करीसन सांगं, पोर निर्दोष शे, मनी बहीणनं हाई काम, तिले मी काढी देस."

८

सगळ्यांच्या नजरा त्या बोटामागे गेल्या. 

आधार महाजनांनी बहिणीकडे पाहिलं नाही. "मी काय करणार होतो?" ते म्हणाले. "लग्न मोडत होतं. पोरीच्या नावाला डाग लागत होता. कुणाचं तरी नाव घ्यावंच लागलं."

"बाबा!" ज्योत्स्ना ओरडली.

पार्वताबाईंनी तिला हातानं थांबवलं. "आधार," त्या म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "पोरसाठे तू माले सांगता ना, अक्का निंघी जाय, तं मी मना पायवरी जाती. बिनबोलता जाती. पन तू माले इचारं नही. माले चोर करं."

उत्तराची वाट न पाहता त्या जिन्याखालून बाहेर पडल्या. 

देवचंदशेठनी आपली गाडी दिली. ती आधी धुळ्याहून खोकं घेऊन आणि मग कौतिकला घेऊन अमळनेरला गेली. मंदाबाई भावाला बघून आधी खूप भांडली आणि मग त्याच्या प्लास्टरला धरून रडली, असं फारुखनं नंतर सांगितलं. तो कौतिकला आधार द्यायला सोबत गेला होता.

लग्न लागलं. पहिली हळद पार्वताबाईंच्या हातची लागली, द्रौपदाबाईंनी ती सगळ्यांच्या देखत लावून घेतली. मोतीनाना खुर्चीवर बसून अक्षता टाकत होते. ज्योत्स्ना निघाली तेव्हा आत्याच्या गळ्यातून तिला सोडवायला चार बायका लागल्या.

मांडव रिकामा झाल्यावर सुनंदाबाई चपला शोधत होत्या. पार्वताबाई त्यांच्यापाशी आल्या. मागे आधार महाजन उभे होते. "अक्का, झालं गेलं विसर. हे घर तुझंच आहे," असं ते सकाळपासून म्हणत होते, आणि आताही म्हणाले.

"वकीलबाई," पार्वताबाईंनी विचारलं, "एदलाबादना घरमा, मना नवराना घरमा, मना वाटा शे का नही?"

"आहे. कायद्यानं आहे. पण तुमचे दीर सहजासहजी देणार नाहीत. वर्षं जातील."

"जाऊ द्या. केस लावा."

"आणि तोवर राहणार कुठे?"

"कोनी बी खोली दी. जठे मना कोनी भाऊ नही, तठे राहसू."

आधार महाजन काहीतरी बोलायला गेले. सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, पर्समधून पेन काढलं आणि पक्षकाराचं पूर्ण नाव विचारलं.